पिकवणाऱ्याच्या ताटात काय?

खेड्यातला माणूस ताजी भाजी, घरचे दूध आणि ज्वारीची भाकरी खाऊन धडधाकट राहतो. शहरातला बाजारचे खाऊन रोगी होतो, असा एक गोड समज सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनात घर करून बसला आहे. हा समज निरुपद्रवी नाही. त्यामुळे आहाराचा प्रश्न मालकी आणि मजुरीच्या कक्षेतून निसटतो आणि सवयींच्या खात्यावर मांडला जातो.

वस्तुस्थिती उलट आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील २१.२ टक्के ग्रामीण स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आहे. शहरात हे प्रमाण १३.२ टक्के आहे. रक्तक्षय ग्रामीण स्त्रियांत ५८.५ टक्के, तर शहरी स्त्रियांत ५३.८ टक्के आढळला. म्हणजे अन्न जिथे पिकते तिथेच शरीरे अधिक खंगलेली आहेत, आणि शहरही निरोगी नाही.

असे का व्हावे? विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीच्या शेतात पूर्वी तूर, मूग, उडीद, अंबाडी ही मिश्रपिके असत. दाणा माणसाला, कडबा जनावराला आणि डाळ वरणाला, अशी ती व्यवस्था होती. गेल्या तीन-चार दशकांत तिची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. पण तेल गाळल्यावर उरणारी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात नाही तर परदेशी जाते, ती मजुराच्या ताटात येत नाही. तणनाशकाच्या फवारणीत तांदुळजा, पाथरी, घोळ जळून जातात. या भाज्या शेतमजूर स्त्रीला बांधावर फुकट मिळत. दूध पहाटेच संकलन केंद्रावर जाते आणि घरातल्या पोराच्या वाट्याला कोरा चहा येतो. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे, तो पोषण पिकवीत नाही, रोकड पिकवतो.

रेशनने भूक थोपवली, हे निर्विवाद आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची मिलो आणि सुकडी खाऊन जगलेल्या महाराष्ट्राला त्याचे मोल सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोकसंख्येपर्यंत दरमहा माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. कायद्यात भरड धान्याचाही उल्लेख आहे. दुकानात मात्र मुख्यतः गहू-तांदूळच येतो. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली २,२५० कॅलरींचा निकष लावून दारिद्र्याचे भीषण स्वरूप उघड केले, ते आवश्यकच होते. परंतु राज्यकर्त्यांनी त्या किमान मर्यादेलाच मुक्काम मानले. कॅलरी भरली की पोट शांत होते. रक्त मात्र डाळ, भाजी, दूध, अंडी यांवाचून भरत नाही.

इकडे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरे झाले. ज्वारी-नाचणीला ‘श्रीअन्न’ हे नाव मिळाले आणि गरिबाची भाकरी शहरी दुकानांत आकर्षक वेष्टनात जाऊन बसली. त्याच शहरातला घरपोच माल पोचवणारा कामगार दुपार वडापाववर काढतो. गिरणगावच्या खाणावळीत गिरणी कामगाराला निदान डाळ-भाजी-चपाती मिळे; कंत्राटी श्रमिकाला जेवायची सुट्टीही नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे आता केवळ श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. खेडेही त्या वाटेवर आहे : अतिवजन असलेल्या ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील १५ टक्क्यांवरून पुढील पाहणीत १९.७ टक्क्यांवर गेले. पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट वाडी-तांड्यावर पोचते, पण पालेभाजीची गाडी पोचत नाही.

एवंच, खरी सीमारेषा गाव आणि शहर यांच्यामध्ये नाही. ती पोषण विकत घेऊ शकणारे आणि पोषण विकावे लागणारे यांच्यामध्ये आहे.

उपाय अज्ञात नाहीत. कर्नाटकाने नाचणी-ज्वारी खरेदी करून रेशनवर दिली. तामिळनाडूने २००७ पासून तूरडाळ आणि पामतेल सवलतीत दिले. महाराष्ट्र सरकारने मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे मंजूर केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोपविले. ज्या राज्याला मुलाच्या आठवड्याच्या एका अंड्याचा खर्च जड होतो, त्याच्या प्रगतीच्या गप्पा व्यर्थ होत.

म्हणून ज्वारी-बाजरीची हमीभावाने खरेदी, रेशनवर डाळ आणि तेल, शाळेत अंडे आणि शेतमजुराला पुरेशी मजुरी या मागण्या एकत्रच लढविल्या पाहिजेत. शेतकऱ्याचा हमीभाव आणि शहरी कामगाराचे रेशन यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा डाव जुना आहे. तो मोडायचा तर ग्रामसभेत आणि वस्तीच्या सभेत एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे : पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या ताटात काय आहे?