सेल्सियस की फॅरनहाइट? आधी घाम पुसा!

दर उन्हाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वाद ठरलेला. अमेरिकेतली मंडळी म्हणणार, फॅरनहाइटच बेस्ट. ० म्हणजे मरणाची थंडी, १०० म्हणजे मरणाचा उकाडा. कसं माणसाच्या मापाचं! तुमचं सेल्सियस म्हणजे पाण्याचं माप.

लॉजिक भारी आहे, पण जरा भिवंडीत धामणकर नाक्यावर उभं राहून सांगा. ० फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सियस. इथे कुणाच्या पणजोबांनीही ते पाहिलेलं नाही. पट्टीचा अर्धा भाग फुकट! अर्थात सेल्सियसचे १०० तरी आपल्या काय कामाचे? चहाच्या टपरीपुरते. खुद्द सेल्सियससाहेबांनी १७४२ मधे उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिले होते, पट्टी नंतर उलटी झाली. नैसर्गिक वगैरे काही नसतं हो, सवय असते. आपल्याच घरात हवा ३४ आणि पोराचा ताप १०२, कुणाचा गोंधळ होतो का?

माझं भांडण दोघांशीही आहे. दोन्ही आकडे फक्त हवा किती तापली ते सांगतात. अंगाला मात्र एकच कळतं, घाम वाळतोय की नाही.

थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळा. नागपूरला ४२ सेल्सियस आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पारा साधारण २२ पर्यंत उतरेल. भिवंडीत ३४ आणि ७० टक्के असेल तर जेमतेम २९ पर्यंत. हाच ओला आकडा ३५ ला पोचला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत काही तासच तग धरतो. त्यात यंत्रमागावर सुताला दमट हवा लागते, कोरड्यात धागा तुटतो. धाग्याची सोय झाली, माग चालवणाऱ्याचं काय?

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात १४ जण दगावले. पारा ३८ च्या आसपास होता. विदर्भात ३८ ला कुणी बातमीही करत नाही. किनारपट्टीवर 'उष्णतेची लाट' म्हणायला हवामान खात्याच्या निकषात कमाल ३७ आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त लागतात. यात घाम कुठेच नाही!

तेव्हा बातम्यांमधे कमाल तापमानाशेजारी ओल्या फडक्याचा आकडाही द्या. मग तो सेल्सियसमधे द्या नाहीतर फॅरनहाइटमधे, आपण नाही भांडणार. :-)