बुशेची कॅलिस्टो: निवडलेल्या क्षणाचा प्रश्न

पुराणकथेवरील चित्राला 'संहितेचे दृश्यरूप' म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्या तौलनिक अभ्यासाला जडली आहे. ती किती फसवी आहे, हे फ्रांस्वा बुशे या फ्रेंच चित्रकाराच्या एका तैलचित्रावरून ध्यानी येते. १७५९ सालचे हे चित्र अमेरिकेत, कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे.

डायना देवीचे रूप घेऊन ज्युपिटर तिची सखी कॅलिस्टो हिच्याजवळ आला आहे. गुलाबी कांती, वस्त्रांच्या झुळझुळत्या चुण्या, वर बागडणारी पंखधारी बालके: रोकोको शैलीचे सारे लालित्य येथे आहे. कपटाची खूण म्हणजे मागे असलेला ज्युपिटरचा गरुड. कॅलिस्टोचे त्याकडे लक्ष नाही. प्रेक्षकाला मात्र तो दिसतो. कपटाचे गुपित असे आपल्याला कळते, तिला नाही.

ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या दुसऱ्या सर्गात हा क्षण मोजक्या ओळींत सरतो. कॅलिस्टोने शक्य तेवढा प्रतिकार केला, असे कवी स्पष्ट सांगतो. पुढे खरी डायना हाक मारते, तेव्हा हाही ज्युपिटरच असेल या भयाने ती प्रथम मागे सरते. माझ्या मते कथेचे मर्म या मागे सरण्यात आहे. जिच्यावर विश्वास ठेवावा, तिचेच रूप आता भयाचे झाले आहे. गर्भ राहिल्याचे उघड होताच डायना तिला हाकलून देते. जूनो तिला अस्वल करते आणि तिची वाणी हिरावून घेते. मन मात्र मानवीच राहते.

बुशे या सर्वाच्या आधी थांबतो. चित्राला एकच क्षण पकडता येतो, असा बचाव कोणी करील. पण तो क्षण कोणता, हे माध्यम ठरवीत नाही. टिशियनने १५५६ ते १५५९ या काळात याच कथेतील गर्भ उघड होण्याचा प्रसंग रंगविला होता. बुशेचे कौशल्य निर्विवाद आहे. मात्र त्याची निवड हे त्याचे भाष्य आहे आणि ते भाष्य फसविणाऱ्याच्या बाजूचे आहे.

अहल्याकथेच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात ती गौतमवेषधारी इंद्राला ओळखते. नंतरच्या कित्येक कथनांत ती अजाणता फसते. म्हणून प्रत्येक पुनःकथनाला, ते शब्दांत असो वा रंगांत, आपण आधी हे विचारले पाहिजे की त्याने कथा कोठे थांबविली, आणि त्या थांबण्याने कोणाचे बोलणे राहून गेले.