यजमानांच्या हाती थर्मामीटर

सौंसर-पांढुर्ण्याचा आमचा मुलूख संत्र्यांचा. आजाऱ्याला भेटायला येणारा चार संत्री आणणारच. परंतु कर्करोगावरील केमोथेरपीने तोंड सोलवटले असता तीच फोड निखाऱ्यासारखी झोंबते. ती दूर ठेवून निवलेली पातळ खिचडी द्यावी. कोमट पाण्यात मीठ व खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या कराव्यात. फोडणीचा वास सोसवत नसेल, तर तिला मागील अंगणात बसवून मगच यजमानांनी चूल पेटवावी.

गृहिणीच रुग्ण असली म्हणजे अडचण निराळी होते. घरातल्यांच्या तापाची काळजी वाहणारी ती स्वतःची कणकण मात्र ‘थकवा आहे’ म्हणून दडवते. औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी फार घटतात. अशा वेळी 100.4 अंश फॅरेनहाइट ताप म्हणजे तातडीची बाब. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. मध्यरात्र असली तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. नागपूरला उपचार चालू असतील, तर गाडीची सोय आधीच करून ठेवावी. यजमानांनी ‘बरे वाटते ना?’ असे विचारत न बसता थर्मामीटर लावावा, आकडा वहीत टिपावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार भरते, घरी पाहुणे येतात. त्यांतील सर्दी-खोकलेवाल्यांना ओसरीवरूनच निरोप द्यावा. रुसले तर रुसोत. दिवाळीला समजूत काढता येईल.