रोवण्याच्या गुत्त्यात खर्रा कशाला?

रोवणे जोरात सुरू आहेत. गुत्ता ठरवताना यंदाही तेच ऐकलं : "एकराचे एवढे, वर चहा आणि खर्रा."

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून घोटला की झाला खर्रा. आमच्या गडचिरोलीकडे पऱ्हे काढायला, पेंढ्या टाकायला गोंड-माडिया टोल्यांवरची चौदा-पंधरा वर्षांची पोट्टे-पोट्ट्या मोठ्यांसोबत येतात. (शाळा सोडून का येतात, तो वेगळा विषय.) धुऱ्यावर पन्नी फिरते, तीच त्यांच्याही हातात जाते. दिवसभर वाकून चिखलात उभं राहायचं, खर्ऱ्याने भूक मरते. आणि मग आपणच म्हणायचं, आदिवासी पोरं व्यसनी असतात!

सुपारी जंगलात उगवते का? तंबाखू उगवतो का? मोहाला देवाजवळ मान आहे, ती गोष्ट निराळी. दारूची बाजू मी घेत नाही. पण खर्रा ठेल्यावरून आला आणि ठेल्यावरून बांधीपर्यंत शेतमालकाने आणला.

जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ मात्र फारसं कोणाला माहीत नाही. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू नुसता दिला, विकला नाही, तरी गुन्हा. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

"खर्रा नाही तर मजूर दुसऱ्याच्या बांधीत जातो," हे खरं आहे, घाईच्या दिवसांत तर जास्तच. म्हणून एकट्याने करून भागत नाही, गावाने मिळून ठरवावं लागतं. खर्ऱ्याचे पैसे सरळ दरात घाला. मोठ्या माणसाला खायचाच असेल तर तो आपल्या पैशाने खाईल. पोरांना दहा वाजता फुटाणे-गूळ द्या, काम जास्त होतं.

कृषी सहायक मंडळींना एक विनंती. शेतीशाळेत करपा, तुडतुडे सांगता, तिथेच दोन मिनिटं तोंडाचंही सांगा. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. सुपारीने गाल आतून ताठत जातो, तिखट झोंबतं, मग दोन बोटंही जाईनाशी होतात. तिथून पुढे कॅन्सरचा धोका. पंधरा वर्षांच्या पोराला हे डॉक्टरकडे जायच्या आधी कळायला हवं.

तुमच्या गावात गुत्त्यात खर्रा धरतात का? बंद केला असेल तर दर किती वाढवला, तेही कळवा.