एक्क्याचा सोबती

तीन पत्तीत दोघांकडे राणीची जोडी आली की तिसरं पान बघतात, हे दिवाळीत पत्ते कुटणाऱ्यांना सांगायला नको. पोकरमध्येही तोच न्याय. जोडीबाहेरच्या या पानाला तिथे ‘किकर’ म्हणतात.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मध्ये सर्वांसाठी पाच पानं उघडी असतात. या सातांतून उत्तम पाच धरायची. समजा, मध्ये मिश्र रंगांची एक्का, गुलाम, अठ्ठी, चव्वी, तिर्री आहेत. तुमच्याकडे एक्का-नव्वी, समोरच्याकडे एक्का-राजा. दोघांचीही एक्क्याची जोडी. पण राजामुळे डाव समोरचा नेतो.

आता मध्ये एक्का, राजा, राणी, नव्वी, सत्ती असतील आणि तुमच्याकडे एक्का-छक्की, समोर एक्का-दुर्री असेल तर? जोडीनंतरच्या तीन जागा राजा, राणी, नव्वी घेतात. तुमची छक्की दुर्रीहून मोठी, पण पाचांत तिला जागाच नाही. डाव निम्मा-निम्मा. इस्पिक मोठं की बदाम, हा वाद पोकरमध्ये बरोबरी फोडायला चालत नाही.

नवखा बुडतो तो इथेच. वाईट पानं तो मुकाट्याने टाकतो. एक्क्याची जोडी मात्र त्याला टाकवत नाही. समोरचा बोली वाढवत जातो आणि हा भरत जातो. म्हणून एक्का हाती आला की आधी त्याचा सोबती बघावा. आणि शिकताना पैशांऐवजी चिंचोके लावावेत. हरलात तरी घरचेही हसतील!