अखेरच्या वेदनेचा प्रश्न

कर्करोगावरील उपचारांसाठी विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून परळला आलेली कुटुंबे तेथील पदपथावर संसार मांडतात. यापुढे उपचारांचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की रुग्णाला घेऊन गावाकडे परततात. तोवर शेत, म्हैस, मंगळसूत्र गेलेले असते. उरलेले दोन-तीन महिने रुग्ण ओसरीवर कण्हत पडतो आणि घरातली एक बाई मजुरी बुडवून त्याच्या उशाशी बसते. आरोग्यखात्याच्या हिशेबी हा रुग्ण केव्हाच संपलेला असतो.

वास्तविक यातील बरीचशी वेदना टाळता येण्याजोगी आहे. पोटात घेण्याचे मॉर्फिन हे त्यावरील जुने, स्वस्त आणि पारखलेले औषध. ते ज्या अफूपासून बनते ती मंदसौर-नीमच भागातील शेतकरी केंद्र शासनाच्या परवान्याने पिकवितात. नीमच व गाझीपूर येथे शासनाचेच अफू कारखाने आहेत. येथील अफू दशकानुदशके परदेशी औषधकारखान्यांना पुरविली गेली. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने जबर शिक्षांचे आणि परवान्यांचे असे जंजाळ उभे केले, की १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. तस्करी थांबली नाही; रुग्णालये आणि औषधविक्रेते तेवढे धास्तावले! २०१४ साली संसदेने कायदा सुधारून अनेक परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरेशी केली, हे स्वागतार्हच. तथापि मॉर्फिन देण्यास शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या गावी भेटणे आजही दुर्मीळ.

१९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले. मरणोन्मुख कर्करुग्णांसाठीचे हे देशातील पहिले शुश्रूषागृह. अशा संस्थांचे ऋण मोठे आहे. पण म्हणून मरणासन्न माणसाला धर्मादायाच्या हवाली करून शासनाला हात झटकता येणार नाहीत.

केरळने ही जबाबदारी अंगावर घेतली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी आरंभिलेल्या कामातून गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले आणि २००८ साली राज्याने त्याविषयी धोरण स्वीकारले. तेथे ग्रामपंचायतीच्या योजनेतील परिचारिका घरोघर जाते, जखमा धुते, अंथरुणाला खिळलेल्याची मूत्रनळी बदलते. स्वयंसेवक घरी शिधा पोचवितात, मुलांची शाळा सुटू नये म्हणून धडपडतात. पंचायतीच्या अंदाजपत्रकात या कामासाठी तरतूद असते, हे त्यातील मर्म होय.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. निरर्थक उपचार नकोत अशी इच्छा आधीच लिहून ठेवता येते. २०२३ मध्ये त्याची पद्धतही सोपी झाली. अतिदक्षता विभागाचे बिल भरू शकणाऱ्यांना हा हक्क उपयोगी पडेल. ज्याचे उपचार पैशाअभावीच थांबले, त्याने नाकारावयाचे तरी काय?

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा व नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत या सेवेसाठी स्वतंत्र तरतूद हवी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन हवे आणि उशाशी बसणाऱ्या बाईला बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. या मागण्या घेऊन अधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी आपल्या गावात, वस्तीत असे रुग्ण किती आहेत, याची मोजणी पक्षशाखांनी स्वतःच करावी. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.