तेरांतला सातवा

मागच्या शनिवारी जळगावला घरी होतो. आप्पांची ई-बाइक २०२० ची, ४८ व्होल्टवाली. नवी असताना एका चार्जिंगमध्ये ४० किमी जायची, आता १८ ला मान टाकते. एका दुकानदाराने बॅटरी न उघडताच "नवा पॅक टाका" म्हणून सांगितलं होतं. म्हणून आप्पांनी धुळ्याहून एक जुना पॅक स्वस्तात आणला. बेत असा, की दोन्ही पॅक समांतर जोडायचे. "दोन बैल लावले की नांगर ओढला जातोच ना?" इति आप्पा.

अस्मादिकांनी मल्टीमीटर काढला. रात्रभर चार्ज केलेला घरचा पॅक ५३.९, धुळ्याचा ५०.३. फरक ३.६ व्होल्ट.

"एवढाच?" आप्पा म्हणाले.

मंडळी, खरी गोम इथेच आहे. दोन टाक्या खालून जाड पाइपने जोडल्या तर भरलेली टाकी रिकामीत धो धो ओतते. दोन्ही पॅक आणि वायरी मिळून रोध ०.२ ओहम धरा. ३.६ भागिले ०.२, म्हणजे जोडताक्षणी १८ अँपिअर! आमचा चार्जर २ अँपिअरचा. म्हणजे एका म्हाताऱ्या पॅकमध्ये नऊपट करंट कोंबायचा, ज्याचा इतिहास कुणालाच ठाऊक नाही. आणि हे सगळं ओसरीवर, जिथे उन्हाळ्यात आई झोपते.

दोघांचं व्होल्टेज सारखं करून मग जोडले तर? चढावर जास्त रोधाचा पॅक कमी करंट देणार आणि दुसऱ्यावर भार पडणार. बैल एका जुवाला आहेत, पण एकजण ओढतोय आणि दुसरा रेंगाळतोय. सरकारलाही हे पटलेलं आहे. १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या एआयएस-१५६ च्या दुरुस्तीत, समांतर जोडणीत असा आपसातला करंट फिरू नये म्हणून खास सर्किट सांगितलं आहे. आपल्या जुन्या गाड्यांत ते कुठलं?

असो. रविवारी एका जाणत्या कारागिराकडून घरचा पॅक उघडून घेतला (स्वतः उघडू नका, प्लीज). आत एकामागोमाग १३ गट. प्रत्येकी ४.२ प्रमाणे भरलेला पॅक ५४.६ चा. आमचे बारा गट ४.१८ वर आणि सातवा ३.७१ वर! बेरीज तीच, ५३.९. म्हणजे बाहेरून पाऊण व्होल्टसुद्धा कमी नाही, आणि आत एक गट जवळजवळ अर्धा रिकामा. चार्ज होताना बारा गट आधी भरतात आणि बीएमएस चार्जिंग थांबवतं. चालवताना सातवा आधी तळ गाठतो आणि बीएमएस गाडीच बंद करतं. बाकीच्या बारांत जीव असतो, पण उपयोग शून्य. त्यात आपला ४४-४५ अंशांचा मे. पॅकच्या मधले सेल कडेच्यांपेक्षा जास्त तापतात आणि लवकर म्हातारे होतात.

आमच्या धंद्यात नुसत्या सरासरीवर विसंबणाऱ्याला रात्री दोनला फोन येतो. बॅटरीचंही तेच. एकूण व्होल्टेज काही सांगत नाही, फरक सांगतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. सर्व्हिसच्या बिलावर सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटाचं व्होल्टेज छापलंच पाहिजे. जुना पॅक विकणाऱ्याने तेच लिहून दिलं पाहिजे. एक गट नुसता मागे पडला असेल तर हळूहळू बॅलन्स करून पॅक वाचू शकतो. त्याचा रोध वाढला असेल तर मात्र नाही. यातलं काय झालंय हे न तपासता ग्राहकाला हजारोंचा पॅक घ्यायला लावणं म्हणजे एक दात किडला म्हणून कवळी बसवण्यासारखं.

धुळ्याचा पॅक परत गेला. आप्पा दोन दिवस घुश्शात होते. काल फोनवर हळूच विचारलं, "काय रे, सातव्याचं काय करायचं मग?"

म्हटलं, आता कसं बोललात!